दोम्नामावशीचा गुरुवार

आमच्या हॉस्टेलमध्ये इंटरनेटचे दोन प्रकार होते, घरचं आणि बाहेरचं. बल्गेरियातल्या बल्गेरियात काय वाटेल ते बघा, उतरवून घ्या, एकमेकांना पाठवा, त्याला मोजमाप नव्हतं. देशाबाहेरचं काही उघडलं की मात्र ते मोजलं जायचं. विद्यापीठ दर महिन्याला प्रत्येक हॉस्टेलला बाहेरच्याचा ठरावीक कोटा द्यायचं आणि त्याचे पैसे खोलीच्या भाड्यातच लावायचं. कोटा सगळ्यांचा मिळून एक. तो संपला की पुढच्या एक तारखेपर्यंत बाहेरचं बंद. त्याला आम्ही 'पडदा पडला' म्हणायचो. आमचे आईवडील ज्या पोलादी पडद्याआड वाढले, त्याची थट्टा करायची सोय आम्हालाच होती.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. आमचं शहर डॅन्यूबच्या काठावर, पलीकडे रुमानिया. हॉस्टेल जुनं, लिफ्ट मनाला येईल तेव्हा चालायची. नेटवर्कचा कारभार ओग्न्यानकडे होता. तो विजेच्या इंजिनिअरिंगला होता आणि खिडक्यांबाहेरून लोंबणाऱ्या केबल त्यानंच ओढल्या होत्या, म्हणून आम्ही त्याला निवडून दिलं होतं. मी त्याची मदतनीस, म्हणजे लोकांच्या शिव्या आधी मी ऐकायच्या.

खरं सांगायचं तर पडदा पडायची मला थोडी गंमतच वाटायची. बहुतेक महिन्यांत तो शेवटच्या आठवड्यात पडायचा. मग माणसं खोल्यांमधून बाहेर यायची. खालच्या स्वयंपाकघरात कुणीतरी ढोबळ्या मिरच्या भाजायला घ्यायचं, कुणाच्या घरून आलेली ल्युतेनित्साची बरणी उघडायची, पावावर ती लालभडक चटणी थापून उभ्याउभ्या खाणं चालायचं. वर्षभर शेजारी राहून ज्यांची नावं कळली नव्हती, ती त्या आठवड्यात कळायची.

फेब्रुवारीत मात्र पडदा पहिल्या आठवड्यातच पडला. ओग्न्यानला वाटलं, चुकून झालं असेल. मार्चमध्येही तेच. मग लोक खवळले. सगळ्यात जास्त खवळली इस्क्रा. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, नदीतल्या माशांवर प्रबंध लिहीत होती आणि तिला लागणारे लेख बाहेरच्या देशांतल्या विद्यापीठांमध्ये पडलेले होते. ती नहाणीतून तशीच ओल्या केसांनी माझ्या दारात आली आणि म्हणाली की जूनमध्ये तिला प्रबंध द्यायचाय, आणि कोण एवढे सिनेमे उतरवतंय ते मी शोधलं नाही तर ती स्वतः दारं ठोठावत फिरेल.

ओग्न्यानला शोधायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीची केबल कोटा असेपर्यंत दिवसरात्र बाहेरचं ओढत होती. खोली सावा चेबानोवची.

सावाचं नाव ऐकून आम्हाला नवल वाटलं, कारण त्याच्याइतका गरीब पोरगा हॉस्टेलात दुसरा नसेल. तो युक्रेनमधून आला होता, बेसराबियातल्या एका बल्गेरियन गावातून. त्याचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी तुर्कांच्या काळात तिकडे गेले आणि जाताना जी भाषा घेऊन गेले तीच त्यांनी सांभाळून ठेवली. सावा बोलायला लागला की आमच्या खापरपणजीचे शब्द कानावर पडायचे. 'उद्या' न म्हणता तो 'उदईक' म्हणायचा. म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणायचे. तो रागवायचा नाही.

आम्ही गेलो तेव्हा सावा शर्टाला इस्त्री करत होता. ओग्न्यान, मी, इस्क्रा आणि मागे तमाशा बघायला आलेले चारपाचजण.

"आजोबा," ओग्न्यान म्हणाला, "अख्ख्या हॉस्टेलचं बाहेरचं एकटा खातोयस तू. काय उतरवतोस एवढं?"

सावानं इस्त्री बाजूला उभी केली. "काही उतरवत नाही. आईला पाहतो."

त्याची आई, दोम्ना, इटलीत होती. आब्रुत्सोच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात ती एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायची. न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, रात्री उठून कूस बदलायची. गेली चार वर्षं ती घरी आली नव्हती. कागद नव्हते, एकदा बाहेर पडली असती तर परत आत शिरता आलं नसतं. फोन करायची ती, पण कार्डावरची मिनिटं भराभर संपायची. संगणकाला तिनं कधी हातही लावलेला नव्हता. सावाला कुठूनतरी कळलं की त्या गावाच्या पंचायतीनं पर्यटकांसाठी चौकात कॅमेरा बसवलाय आणि त्याचं चित्र दर अर्ध्या मिनिटाला बदलून इंटरनेटवर दिसतं. त्यानं आईला फोनवर सांगितलं, गुरुवारी दुपारी तुला सुट्टी असते ना, कारंज्यापाशी येऊन उभी राहा, मी तुला बघेन. ती यायला लागली. पण गुरुवारावर त्याचं भागेना. बाकीच्या दिवशीही ती पाव आणायला, औषध आणायला त्या चौकातून जात असणारच. म्हणून त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो कॉलेजात असताना, झोपलेला असताना, ते यंत्र सारखी चित्रं गोळा करत राही आणि संध्याकाळी सावा ती सगळी चाळत बसे.

ओग्न्यान त्याच्या खुर्चीत बसला आणि बघायला लागला. रिकामा चौक. कबुतरं. एक पांढरी गाडी. परत रिकामा चौक.

"यात आई कुठाय?"

सावानं बोट ठेवलं. औषधाच्या दुकानाचं दार आणि गाडी यांच्यामध्ये हिरव्या रंगाचा एक ठिपका होता. "ही. मंगळवारी सकाळी."

"हे? हे झाड असेल."

"झाड पिशवी घेऊन चालतं का?"

इस्क्रा मागून म्हणाली, "मला माशांचे लेख मिळेनात आणि हा इकडे झाडं बघत बसलाय." पण ती गेली नाही. ओग्न्यानच्या खांद्यावरून वाकून तिनंच पुढच्या चित्रात तो हिरवा ठिपका सगळ्यांच्या आधी हुडकून दाखवला.

त्या आठवड्यात खाली टीव्हीच्या खोलीत सभा झाली. सोपी नव्हती ती. इस्क्राचं म्हणणं चूक नव्हतं. इतरांचंही नव्हतं, कोटा सगळ्यांचा होता. कुणी म्हणालं, माझी आई ग्रीसमध्ये स्ट्रॉबेऱ्या तोडते, मी कधी तुमच्याकडे काही मागितलं का? कुणी म्हणालं, माझी स्पेनमध्ये आहे. मोजायला गेलो तर निम्म्या खोलीचं कुणी ना कुणी बाहेर होतं. त्सोन्कामावशी, आमच्या वॉर्डन, दारातल्या खुर्चीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, की एक तास बघायला त्या कोट्यातलं किती जातं? ओग्न्यान म्हणाला, तेवढ्याला काहीच नाही, चिमूटभर. "मग एक तास बघू द्या पोराला," त्सोन्कामावशी म्हणाल्या, "पण इथे बसून, सगळ्यांसमोर. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको."

तसं ठरलं. एप्रिलचा कोटा सुरू झाला की दर गुरुवारी दुपारी तीन ते चार, टीव्हीच्या खोलीतल्या संगणकावर. बाकी वेळ प्रोग्रॅम बंद.

सावाला ते आवडलं नाही. त्याचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं. जिन्यात मी त्याला म्हटलं, आईला सांगून ठेव की आम्ही पण असू. तो म्हणाला, "सांगितलं तर ती येणारच नाही. फार लाजाळू आहे." आणि त्यानं सांगितलं नाही.

पहिल्या गुरुवारी पंधरावीस जण जमले, बरेचसे टवाळी करायला. सावा पुढे बसला होता, पाठ ताठ. चित्र आलं आणि कारंज्यापाशी हिरव्या कोटातली एक ठेंगणी बाई उभी होती, हात वर केलेला. पुढच्या चित्रात हात खाली. त्याच्या पुढच्यात ती भलतीकडेच बघत होती, कॅमेरा नक्की कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती थोडा वेळ चर्चच्या बाजूला आणि थोडा वेळ औषधाच्या दुकानाकडे तोंड करून उभी राहायची. कुणीतरी हसलं. मग तिनं पिशवीतून काहीतरी काढून वर धरलं.

"काय आहे ते?"

"बूट. नवे घेतलेत," सावा म्हणाला.

त्सोन्कामावशींनी मान पुढे केली. "टाच बरी आहे. पण कोट पातळ आहे हो त्या बाईचा. तिकडे डोंगरात वारा असणार."

पुढच्या गुरुवारीही लोक आले. हळूहळू त्याची सवयच झाली. आम्ही तिला दोम्नामावशी म्हणायला लागलो. ती काय काय दाखवायची! विणलेला स्वेटर, कलिंगड, म्हातारीनं दिलेली छत्री. एकदा तिनं, मी धडधाकट आहे बघ, हे दाखवायला स्वतःभोवती गिरकी घेतली असावी, पण कॅमेऱ्यानं नेमकी पाठ टिपली आणि पुढच्या चित्रात ती कारंज्याच्या कठड्याला धरून उभी होती. दोन चित्रांच्या मध्ये काय झालं असेल यावर आमच्यात वाद चालायचे. ओग्न्यान म्हणायचा, चक्कर आली. इस्क्रा म्हणायची, चक्कर कसली, हसतेय ती, खांदे बघ. इस्क्रा तिचे माशांचे कागद घेऊनच खाली यायची आणि चित्र बदलायच्या मधल्या वेळात खुणा करत वाचायची. ज्यांच्या आया ग्रीसमध्ये आणि स्पेनमध्ये होत्या तेही आपापल्या आईच्या गावात असा कॅमेरा आहे का ते शोधायला लागले. एकीला सापडला, पण तो समुद्रावर रोखलेला होता, आणि तिची आई हॉटेलच्या तळघरात चादरी धुवायची.

मे महिन्यात एका गुरुवारी दोम्नामावशीनं काही दाखवलं नाही. हातही वर केला नाही. ती कठड्यावर बसली होती आणि पुढच्या चित्रात तिनं तोंड ओंजळीत घेतलेलं होतं. त्याच्या पुढच्यातही. सावानं हात पुढे करून पडदा काळा केला आणि उठून गेला. रात्री त्यानं बूथवर जाऊन फोन लावला. गावी त्याची आजी वारली होती आणि दोम्नामावशीला जाता आलं नव्हतं. आम्ही वर्गणी काढून चर्चमध्ये मेणबत्ती लावली, सावाबरोबर जाऊन. त्सोन्कामावशींनी उकडलेल्या गव्हाचा प्रसाद केला, आपल्या घरचंच कुणी गेल्यासारखा.

जूनमध्ये विद्यापीठाच्या संगणक विभागातून इंजिनिअर हाजिएव आले. सभ्य माणूस, बोलताना चष्मा पुसायचा. त्यांनी सांगितलं की ऑक्टोबरपासून सामाईक कोटा बंद. प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, बाहेरचं जितकं वापराल तितकं तुमच्या नावावर. एकानं खावं आणि बाकीच्यांनी भरावं हे बरोबर नाही, आणि तशा तक्रारी सगळ्या हॉस्टेलांतून आल्यात. आमच्याकडूनही गेली होती. मार्चमध्ये आम्हीच सह्या करून पाठवली होती. त्यामुळे आता हरकत घ्यायला तोंड नव्हतं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सुट्टी लागली, संपली. इस्क्राचा प्रबंध पास झाला आणि ती इथेच नदी-संशोधन केंद्रात लागली, पण गुरुवारी यायची. आणि सप्टेंबरच्या शेवटी सावा धावत माझ्या खोलीत आला. आईचे कागद झाले होते. ती बसनं थोड्या दिवसांसाठी गावी निघाली होती, वाटेत एक दिवस इथे उतरणार होती, त्याला भेटायला.

"मग तोंड का असं?" मी विचारलं.

"तिला ठाऊक नाही ना. तुम्ही सगळे."

स्टँडवर तो एकटाच गेला. आम्ही हॉस्टेलच्या दारात उभे होतो, उभे राहायचं नाही असं ठरवूनही. सावा दोन पेट्या उचलून पुढे, मागे ती. माझ्या मनात होती त्याहून ठेंगणी. कोट तोच. पायरीपाशी ती आली आणि पहिल्या वर्षाचा एक पोरगा, ज्याला राहवलंच नाही, तो म्हणाला, "मावशी, ते बूट नाही घातले? टाचवाले?"

ती थबकली. आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग त्या पोराकडे, मग सावाकडे. सावानं पेट्या खाली ठेवल्या आणि तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, त्या जुन्या शब्दांत, भराभर. तिचा चेहरा लाल होत गेला.

"सगळे?" ती म्हणाली.

"सगळे."

"मी मोजा वर ओढला होता तेव्हा पण?"

पहिल्या वर्षाच्या त्या पोरानं मान खाली घातली.

"आणि त्या दिवशी? मेमध्ये?"

"बंद केलं होतं गं मी. लगेच."

दोम्नामावशी पायरीवर बसली. मला वाटलं, आता ही उठून थेट स्टँडवर जाणार. त्सोन्कामावशी पुढे झाल्या, पाण्याचा पेला घेऊन तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही गहू केला होता तुमच्या सासूबाईंसाठी. मी केला."

"सासू नव्हे," दोम्नामावशी म्हणाली. "माझी आई."

आम्ही कुठे बघावं ते न कळून लिफ्टकडे बघत होतो. शेवटी तिनं पाणी प्यायलं, पेला परत दिला आणि आमच्याकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं मी भिंतीला हात करतेय. सावा सांगायचा दिसतेस म्हणून, पण मला काय माहीत. पोरगं आईचं मन राखायला काहीही सांगेल. तिथली माणसं मला वेडी समजतात, आमची म्हातारीसुद्धा. तुम्हाला खरंच दिसत होते बूट?"

"तपकिरी होते," ओग्न्यान म्हणाला. "बक्कलवाले."

तेव्हा ती हसली. इस्क्रा म्हणायची ते बरोबर होतं, हसताना तिचे खांदे हलायचे.

त्या संध्याकाळी तिनं खालचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पीठ मळलं, टेबलावर कागदासारखं पातळ ताणलं, चीज पसरून वळकटी केली आणि तव्याएवढ्या मोठ्या चकलीसारखी गोल मांडून भाजली. तिच्या गावाकडची पद्धत. आमच्याकडे घरोघरी होणाऱ्या चीजच्या बानित्साची थोरली बहीण म्हणा. ओग्न्यानला तिनं चीज कुस्करायला बसवलं आणि त्याचे हात नीट धुतलेले नाहीत म्हणून परत पाठवलं. खाताना तिनं एकेकाला नाव विचारलं, मजला-खोली विचारली, गाव विचारलं, आई कुठे असते ते विचारलं. ज्यांच्या आया परदेशात होत्या त्यांना अजून एक एक तुकडा वाढला. माझी आई इथून जवळच राहते असं मी म्हटल्यावर मला मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये बसवायला आम्ही सगळे गेलो. खिडकीतून तिनं मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, गुरुवारी ती वेळ सगळ्यांना सोयीची आहे ना, की कुणाचा तास असतो? असेल तर तसं कळवा, म्हातारीला ती अर्धा तास आधी झोपवेल.

मी म्हटलं, सोयीची आहे.

पुढच्याच आठवड्यात ऑक्टोबर लागला. पासवर्ड मिळाले. टीव्हीच्या खोलीतला संगणक ओग्न्याननं काढून नेला, कारण तो कुणाच्याच नावावर नव्हता. सावा गुरुवारी आपल्या खोलीत बसून आपल्या पैशांनी बघायचा. सुरुवातीला आम्ही त्याच्या खोलीत जायचो, पण पलंगावर तीनचारजणच मावायचे, आणि आता ज्याचं त्याचं बाहेरचं ज्याच्या त्याच्याकडे होतं. पडदा पडायचा तो एकेकाचा, वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यासाठी कुणी मिरच्या भाजत नाही. पण दोम्नामावशी तो सगळा हिवाळा चौकात येऊन तासभर उभी राहिली. वसंतात म्हातारी गेली, तिला मोठ्या शहरात काम लागलं आणि तोवर सावानं तिच्यासाठी मोबाइल घेतला होता.

मी त्याच विद्यापीठात नोकरी करते. आता मुलांना इंटरनेटचे पैसे पडत नाहीत, बाहेरचं आणि घरचं हे शब्दसुद्धा त्यांना माहीत नाहीत. सांगितलं तर ती माझ्याकडे आम्ही सावाकडे बघायचो तशी बघतात.

सावा वार्नाला बंदरात काम करतो, आणि दोम्नामावशी दोन वर्षांपूर्वी, युक्रेनमध्ये लढाई सुरू झाल्यावर, गावाहून त्याच्याकडे येऊन राहिली. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. बाल्कनीत जेवायला बसलो, तीच चीजची वळकटी होती, आणि तिनं विचारायला सुरुवात केली. ओग्न्यान कुठे असतो? इस्क्राला मुलं किती? हॉटेलात चादरी धुणारी होती जिची आई, ती परत आली का? आणि तो पहिल्या वर्षाचा पोरगा, बुटांचं बोललेला, त्याचं लग्न झालं का? मजल्यांप्रमाणे, खोल्यांप्रमाणे ती नावं घेत होती.

ओग्न्यानचं मला माहीत होतं, इस्क्राचं माहीत होतं. बाकीच्या बहुतेकांचं मला काहीच सांगता येईना.

"एका घरात राहत होता ना गं तुम्ही?" दोम्नामावशी म्हणाली आणि न विचारता माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला.